सीलबंद पेटीतल्या परक्या माश्या

१

मावशींना माश्या डसल्या. एक नाही, चार. तीन हातावर आणि एक कानाच्या पाळीवर.

ज्या बाईनं उभा जन्म उघड्या हातांनी मधपेट्या हाताळल्या, जिच्या अंगाखांद्यावर मधमाश्या नातवंडांसारख्या खेळल्या, तिला तिच्याच पेटीतून निघालेल्या माश्यांनी फोडून काढलं! संशोधन केंद्राच्या अंगणात जमलेली मंडळी चार पावलं मागे सरकली. मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पेटीवर झाकण ठेवलं, सुजत चाललेला हात पदराखाली घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्या माझ्या नव्हेत."

"मावशी, साडेसात हजार किलोमीटरचा प्रवास झालाय," केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणत, ते म्हणाले. "नऊ तास विमानाच्या पोटात बसून माणूससुद्धा चिडतं. या तर माश्या."

"पेटी माझी आहे. आतलं पोळंसुद्धा माझंच, मी ओळखते. सील मी स्वतः लावून घेतलंय आणि ते तुमच्यासमोर तोडलं. पण माश्या माझ्या नव्हेत. कुणीतरी माझं घर तसंच ठेवून माणसं बदलली आहेत!"

कुणी हसलं नाही, कारण मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं.

तासाभरात विमान कंपनीच्या मालविभागातून चौकशीबाई येऊन धडकल्या. सामान हरवलं, फुटलं, कुजलं की तपासायला जायचं, हे त्यांचं काम. गेली कित्येक वर्षं हरवलेल्या सुटकेसी आणि भिजलेले गालिचे यांच्यापलीकडे त्यांच्या वाट्याला काही आलं नव्हतं. सीलबंद पेटीतून जिवंत माश्या चोरीला गेल्या, हे ऐकलं आणि त्या हातातला चहा तसाच टाकून निघाल्या. दुःखाच्या जागी जाताना इतका आनंद व्हावा याची त्यांना थोडी लाज वाटली, पण थोडीच.

"किती माश्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"वीस हजार असतील," मावशी म्हणाल्या.

"आणि सील शाबूत?"

"शाबूत."

चौकशीबाईंना आनंदानं गुदगुल्या झाल्या.

२

पेटीच्या झाकणाला श्वासासाठी बारीक जाळी होती. झाकण आणि माश्यांचं दार, दोन्हींवरून तार ओढून शिशाचं सील ठोकलेलं. डॉक्टरांनी ते जपून ठेवलं होतं. चौकशीबाईंनी उलटंपालटं करून बघितलं. चोख होतं. वरून शिरायला मुंगीलाही जागा नव्हती.

मग त्या फरशीवर चक्क आडव्या झाल्या. आत चिडलेली पेटी भणभणत होती. डॉक्टर "अहो, अहो!" करत राहिले. बाईंनी मोबाईलचा दिवा लावून पेटीची खालची बाजू बघितली, मग उठून साडी झटकली.

"डॉक्टर, पेटीचा तळ कसा असतो?"

"वेगळा. चार स्क्रूंनी बसवलेला."

"त्या स्क्रूंच्या खाचा आजच घासल्यासारख्या चकचकतायत. वरच्या दाराला कडीकुलूप आणि मागची भिंत उघडी, अशी गत झाली ही."

डॉक्टरही आडवे झाले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. इतका वेळ ते मावशींना समजावत होते, आता त्यांना समजावायची वेळ आली.

"पण खालून वीस हजार माश्या काढणार कशा? ओरडून बोलावायच्या?" बाईंनी विचारलं.

"धूर. माश्या धुरापासून पळतात. पेटी रिकाम्या पेटीवर ठेवायची, वरच्या जाळीतून धूर सोडायचा आणि बाजूंवर हलके ठोकत राहायचं. माश्या राणीसकट खाली उतरतात. हात बसलेला असेल तर पाऊण तास पुरे." डॉक्टर थबकले. "पण असा हात असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी."

चौकशीबाईंनी जाळीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"आज इथं धूर कुणी केला होता?"

"नाही. धुराचं भांडं आज पेटवलंच नाही. मावशींना धुराची गरज पडत नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं."

म्हणजे हे इथं झालं नव्हतं. अदलाबदल विमान उतरल्यावर आणि पेटी केंद्रात येण्याच्या आधी झाली होती. आणि ज्यानं केली, तो माश्यांमधला माणूस होता.

३

आता जरा घाई का होती, ते सांगायला हवं.

मधमाश्यांच्या अंगाला एक बारीक किडा चिकटतो आणि पेट्याच्या पेट्या संपवतो. मावशींनी निवडून निवडून अशी जात तयार केली होती, की त्यांच्या माश्या एकमेकींच्या अंगावरचा हा किडा वेचून फेकून देत. त्यात त्यांचं आयुष्य गेलं. आणि गेल्या हंगामात शेजारच्या मळ्यात कुणीतरी भलतंच औषध फवारलं आणि मावशींच्या सगळ्या पेट्या एका आठवड्यात ओस पडल्या. एक वाचली. तीच घेऊन मावशी निम्मं जग ओलांडून आल्या होत्या, कारण अशी जात तपासून वाढवण्याची सोय याच केंद्रात होती.

म्हणजे त्या वीस हजार माश्या गेल्या की मावशींची सगळी कमाई गेली.

आणि केंद्राच्या मागच्या अंगणात एकसारख्या, पांढऱ्या रंगाच्या तीस पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. डोंगराकडे फुलोरा आला होता. दुपारी तीनला ट्रक येऊन त्या घेऊन जाणार होता आणि तिथल्या शेकडो पेट्यांत मिसळणार होता.

"चोरलेल्या माश्या लपवायला याहून चांगली जागा कोणती?" चौकशीबाई म्हणाल्या. "ट्रक थांबवा."

"पुरावा दाखवा, थांबवतो," डॉक्टर म्हणाले. "वरिष्ठांची परवानगी लागते. खरं तर ट्रक उद्या दुपारचा होता. आजच सकाळी फोन करून आज मागवलाय."

"तुम्ही?"

"छे. मावशींच्या शिष्येनं. तीच बघते पेट्यांचं. म्हणाली, फुलं कुणासाठी थांबत नाहीत."

घड्याळात बारा वाजून गेले होते. बाईंनी एकेकाला बोलवायला सुरुवात केली.

४

पहिला आला पावडरशेठ. किड्यांवरचं औषध विकून गब्बर झालेला माणूस. विमानतळावर जनावरांचं सामान उतरवतात त्या शेडला लागूनच त्याचं गोदाम होतं.

"मावशींच्या माश्या यशस्वी झाल्या तर तुमची पावडर कोण घेणार?" चौकशीबाईंनी सरळच विचारलं.

"कुणी नाही," शेठ म्हणाला. "पण म्हणून मी वीस हजार माश्यांत हात घालीन? बाई, मला एक माशी दिसली तरी मी टेबलाखाली जातो. विचारा कुणालाही. धंदा माश्यांचा, पण ओळख दुरूनच बरी."

त्याच वेळी खिडकीतून एक माशी आत आली. शेठ खरोखरच टेबलाखाली गेला आणि पुढची उत्तरं त्यानं तिथूनच दिली.

"सकाळी शेडजवळ कोण होतं?"

"मी काय पहारेकरी आहे? मी आत होतो. नऊ-सव्वानऊला कुणीतरी कचरा जाळला मेल्यानं, डोळे चुरचुरले. दार लावून घेतलं."

डॉक्टर सकाळी आठपासून अकरापर्यंत वर्गावर शिकवत होते. चाळीस विद्यार्थी साक्षीला होते. त्यातले निम्मे झोपले होते असं डॉक्टर स्वतःच म्हणाले, पण उरलेले वीस पुरेसे होते.

मग आली शिष्या. मावशींच्या हाताखाली तयार झालेली, पुढे शिकायला या शहरात येऊन इथलीच झालेली. रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"मीच आग्रह केला मावशींना, इकडे घेऊन या म्हणून," ती म्हणाली. "आता कोणत्या तोंडानं बघू त्यांच्याकडे?"

"तुम्ही विमानतळावर किती वाजता पोचलात?"

"विमान दहाचं होतं. रस्त्यात गर्दी लागली, सव्वादहा झाले मला. मावशी बिचाऱ्या आधीच येऊन वाट बघत बसल्या होत्या. मग आम्ही शेडमधून पेटी घेतली, माझ्या व्हॅनमध्ये ठेवली आणि तडक इकडे आलो."

"विमान लवकर आलं आज," बाई म्हणाल्या. "पावणेनऊलाच टेकलं."

"हो? इतकं लवकर?"

"दोन शहरांमधलं अंतर तसूभर बदलत नाही, पण वेळ वाऱ्याच्या हातात असते. आज पाठीवर वारा होता."

शिष्येनं मान डोलावली. तिच्या बोलण्यात कुठं सांदीफट नव्हती. चौकशीबाईंना ती आवडली, आणि म्हणूनच त्या थोड्या चिडल्या.

एक वाजायला आला. तीन संशयित, तिघंही धुतल्या तांदळासारखे. ट्रक तीनला.

५

मावशी व्हरांड्यात भाच्याबरोबर बसल्या होत्या. भाचा प्रवासाला सोबत म्हणून आलेला, जांभयांवर जांभया देत होता.

"चहा आणवू?" चौकशीबाईंनी विचारलं.

"नको," मावशी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या. "माझा चहा आठला. अजून तासभर आहे."

बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक.

"हिनं घड्याळ बदललंच नाहीये," भाचा म्हणाला. "घरचीच वेळ ठेवलीय. आपल्याकडे आत्ता सकाळचे सात. मलाही बघा ना, भर दुपारी झोपेतून उठल्यासारखं होतंय."

"काटे फिरवले म्हणून पोट फिरतं का?" मावशी म्हणाल्या. "रोज सकाळी आठला मी अंगणात चहा घेते आणि माश्यांना निळ्या बशीत साखरपाणी ठेवते. कधी चुकवलं नाही. बशी ठेवायच्या आधीच हजर असतात भवान्या! मेलं, घड्याळ कसं कळतं त्यांना..."

चौकशीबाई ताडकन उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली.

"मावशी! त्यांना घड्याळ भिंतीवर बघून कळतं?"

"छे! आतूनच कळतं."

"मग त्यांच्या आतलं घड्याळ कुणी बदललं?"

मावशी आ वासून बघत राहिल्या. मग त्यांच्या सुजलेल्या हातानं बाईंचा हात असा पकडला, की बांगड्या रुतल्या.

"नाही बदललं," मावशी पुटपुटल्या. "पहिले चारदोन दिवस तरी नाहीच बदलणार. बाई, माझ्या माश्यांचे आठ अजून वाजायचे आहेत!"

"इथले दोन," बाई म्हणाल्या. त्यांना ओरडावंसं वाटत होतं. "निळी बशी आणलीय?"

"तिच्याशिवाय मी घर सोडेन?"

"आणखी एक विचारते. विमानतळाच्या दारात शिष्या भेटली तेव्हा तुमच्या या घड्याळात किती वाजले होते?"

"पावणेचार. पहाटेचे. मी मुद्दाम बघितलं, म्हटलं घरी आत्ता सगळे घोरत असतील. आम्ही बाहेर पडलो तर पोर दारातच उभी. आम्हाला वाटलं होतं विमान लवकर आलंय, वाट बघावी लागेल. धावत येऊन मिठी मारली." मावशी पिशवीत बशी चाचपू लागल्या. "केसांना धुराचा वास येत होता तिच्या. आम्हा माश्यावाल्यांचा असतो तसा. मला इतकं बरं वाटलं."

चौकशीबाईंनी मनातल्या मनात पावणेचारांत सहा मिळवले. हे मावशींना सांगायचं कसं ते त्यांना कळेना.

६

दोनला पाच मिनिटं कमी असताना सगळे मागच्या अंगणात जमले. तीस पेट्यांची दारं उघडी होती. ट्रक आला की ती जाळीनं बंद व्हायची होती. काही पेट्यांतून माश्यांची तुरळक ये-जा चालू होती. भिंतीकडच्या शेवटच्या पेटीत मात्र सामसूम.

ओळीसमोर स्टुलावर मावशींनी निळी बशी ठेवली. धुतलेली, पुसलेली, कोरडी ठणठणीत.

"रिकामी?" डॉक्टर म्हणाले.

"रिकामीच," चौकशीबाई म्हणाल्या. "साखर दिसली तर कुणीही येईल. रिकाम्या बशीवर फक्त सवयीचं गिऱ्हाईक येतं."

शिष्या हसली. "बाई, मलाही ठाऊक आहे मावशींची बशी. पण ती सकाळी आठची! आता दुपार झाली. करायचंच असेल तर उद्या सकाळी करा."

"उद्या सकाळी या पेट्या डोंगरावर असतील," बाई म्हणाल्या. "मावशी, किती वाजले?"

मावशींनी मनगट वर केलं. "आठाला एक मिनिट."

शिष्येनं त्या मनगटाकडे बघितलं, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

दोन वाजले. काही झालं नाही. शेठ, जो अंगणाबाहेर काचेच्या दारामागे उभा होता, काचेला नाक लावून बघू लागला. आणखी एक मिनिट गेलं. एवढ्या लोकांसमोर आपण एक रिकामी बशी मांडून बसलोय, उद्या ऑफिसात आपल्याला बशीबाई म्हणतील, असं चौकशीबाईंच्या मनात येऊन गेलं.

भिंतीकडच्या शेवटच्या पेटीच्या दारात एक माशी आली. पंख पुसले. उडाली. पेटीभोवती एक गिरकी घेतली, मग मोठी गिरकी, आणि सरळ येऊन निळ्या बशीच्या काठावर बसली.

मग दुसरी, मग पाच, आणि मग मोजायचं कुणाला सुचलंच नाही! त्या एकाच पेटीतून माश्यांची रीघ लागली. कोरड्या बशीवर त्या चालत होत्या, शोधत होत्या, काही मावशींच्या सुजल्या हातावर चढल्या. एकही डसली नाही.

"आल्या गं माझ्या बाया!" मावशी ओरडल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. डॉक्टरांनी वर्गात कधी वाजवल्या नसतील अशा टाळ्या वाजवल्या, आणि काचेमागून शेठनंही.

चौकशीबाई मात्र शिष्येकडे वळल्या.

"तुम्ही सव्वादहाला पोचल्याचं सांगितलंत. मावशींना तुम्ही भेटलात त्यांच्या पावणेचारला, म्हणजे इथल्या पावणेदहाला. विमान लवकर उतरणार हे फोनवर बघून तुम्ही नऊच्या आतच शेडवर हजर होता. शेडमध्ये शिरायला केंद्राचा पास तुमच्याकडे होताच. मावशी तपासणीच्या रांगेत होत्या तेवढ्यात तुम्ही तळ काढला, धूर दिला, माश्या रिकाम्या पेटीत उतरवल्या आणि व्हॅनमधून आणलेल्या दुसऱ्या माश्या मावशींच्या पेटीत झटकल्या. इथं आल्यावर ती चोरीची पेटी गुपचूप या ओळीच्या टोकाला मांडलीत. शेठना तो धूर कचऱ्याचा वाटला, आणि मावशींना तुमच्या केसांत तो आपल्या घरचा वाटला. आज इथं धूर पेटलाच नव्हता, मग तुमच्या केसांत आला कुठून?"

शिष्येची नजर बशीवरून हलेना.

"एकाच गोष्टीची तुम्हाला भीती होती. बशीची. म्हणून उद्याचा ट्रक आज मागवलात, उद्याच्या आठच्या आत पेट्या हलाव्यात म्हणून. हिशोब चोख होता. पण इतकी वर्षं इथं राहून तुम्ही आठ वाजलेले इथल्या घड्याळात शोधलेत. मावशींच्या माश्या काल संध्याकाळपर्यंत तिकडे होत्या."

७

शिष्या मटकन पायरीवर बसली. "इथं राबराब राबले मी," ती म्हणाली. "एक जात माझ्या नावावर लागली नाही. मावशी, तुमच्या पेटीतल्या माश्या तपासणीत नापास झाल्या असत्या, तुम्ही घरी गेला असता, आणि वर्षभरानं मी..."

सगळे मावशींकडे बघू लागले. आता काय भडका उडतो, असं चौकशीबाईंना वाटलं.

"राणी धड आहे ना?" मावशींनी विचारलं.

"हो मावशी. पंखालाही धक्का नाही लागला."

"किती मेल्या?"

"एकही नाही."

मावशींनी मान हलवली. चांगलं काम पाहिल्यावर जाणत्या माणसाची मान हलते तशीच ती हलली, आणि ते बघून चौकशीबाईंना कसंतरीच झालं.

"पोरी," मावशी म्हणाल्या, "माझं वय बघितलंस? दर वर्षी साडेसात हजार किलोमीटर उडत येऊन मी तपासण्या करणार होते का? परवाचं परतीचं तिकीट आहे माझं. दोघांचंच आहे, पेटीचं नाही. पेटी कुणाकडे ठेवून जाणार होते मी?"

शिष्येनं वर बघितलं. कळायला तिला क्षणभर लागलं. मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की काचेमागच्या शेठनं मान खाली घातली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"चहा घेताना सांगणार होते," मावशी म्हणाल्या.

शिष्येनं त्यांचे पाय धरले. मावशींनी ते सोडवून घेतले, रागानं नाही, पण घेतले. मग त्यांनी साखरपाण्याची बाटली उघडली आणि बशी भरली. माश्या काठाकाठानं प्यायला बसल्या.

"डॉक्टर, मला इथं एक खोली लागेल," त्या म्हणाल्या. "आणि बाई, तुमचं काय ते नियमाप्रमाणे करा. मी मध्ये पडणार नाही."

चौकशीबाईंनी शिष्येला हात देऊन पायरीवरून उठवलं. इतक्या वर्षांनी मिळालेली खरीखुरी केस सुटली होती आणि त्यांना नाचावंसंही वाटत होतं आणि गप्प बसावंसंही.

भाच्याची झोप पार उडाली होती. "मावशी, खोली कशाला? परवाचं तिकीट..."

"तुझं तू जा. माझं रद्द कर."

"अगं, पण किती दिवस राहणार इथं?"

मावशी बशीवर वाकल्या होत्या. हातावरच्या माश्या न झटकता त्यांनी उत्तर दिलं.

"नवी पोरगी शिकून तयार होईपर्यंत."